अंगठी, रुमाल आणि तसबीर

न्हावा आणि शेवा हीं नांवें आज उच्चारलीं कीं डोळ्यांपुढें प्रथम बंदर उभें राहतें. १९८९ सालीं येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून निघालेला सागरी सेतुहि याच किनाऱ्याला येऊन मिळाला आहे. मालाच्या लोखंडी पेट्यांची चढउतार येथें रात्रंदिवस चालते. या गजबजलेल्या किनाऱ्यासमोर, पाण्याच्या एका पट्ट्यापलीकडे, उरण तालुक्यांतीलच घारापुरीचें बेट आहे. त्या बेटावरील लेण्यांत सुमारें सहाव्या शतकापासून एक संसार पाषाणांत कोरलेला आहे. तो संसार शिवपार्वतींचा.

घारापुरीच्या मुख्य लेण्यांत त्रिमुखी सदाशिवाची भव्य मूर्ति पाहून प्रेक्षक बहुधा तेथेंच थबकतो. परंतु भोंवतालच्या शिल्पपटांकडे क्रमानें पाहिल्यास एका दांपत्याचें जवळजवळ सारें जीवन तेथें उलगडतें. एका पटांत पाणिग्रहण आहे. नववधू पार्वतीची लज्जा कारागिरानें तिच्या किंचित् झुकलेल्या मानेंत सांठविली आहे. दुसऱ्यांत अर्धनारीश्वर आहे; तेथें दोन देहांचें द्वैतच मावळलेलें आहे. तिसऱ्यांत शिव आकाशांतून उतरणाऱ्या गंगेला मस्तकीं धारण करीत आहे, आणि शेजारीं उभी असलेली पार्वती अंगानें थोडी दूर कललेली आहे. सवतीच्या आगमनानें दुखावलेल्या पत्नीचा हा भाव असल्याचा अर्थ अभ्यासकांनीं लाविला आहे. पूर्वेकडील दालनांत तर एका पटाची ओळखच ‘मानिनी पार्वती’ अशी करून दिली जाते. पति शेजारीं बसला आहे आणि ती रुसून तोंड फिरवून बसली आहे.

या रुसलेल्या पार्वतीच्या समोरच्या बाजूस रावणाचा पट आहे. दशमुख रावण कैलासाच्या तळाशीं शिरून पर्वत गदगदां हालवीत आहे. संस्कृत कवींनीं या प्रसंगाचें मोठें मार्मिक वर्णन केलें आहे. पर्वत हादरतांच भयभीत झालेली पार्वती रुसवा विसरून पतीला बिलगली, आणि रावणाच्या दांडगाईनें शंकराचें कामच झालें, असें ते म्हणतात. मत्सर आहे, मान आहे, खालून कोणी तरी पाया हालवीतहि आहे. तरी संसार मोडत नाहीं. कारण रुसलेली पत्नी पतीच्या शेजारींच बसली आहे. तिचा राग त्याला दिसतो, त्याचें मौन तिला दिसतें, आणि दोघांच्या मध्यें कोणी तिसरा नाहीं.

रंगभूमीवर मात्र हा पर्वत वारंवार कोसळलेला आहे. पतिपत्नींमधील प्रेम, विश्वास आणि मत्सर हा नाटककारांचा फार जुना विषय. आणि या विषयाला दृश्य रूप देण्यासाठीं त्यांनीं एखादी लहानशी वस्तु हातीं धरिली. कालिदासानें अंगठी घेतली, शेक्सपिअरनें रुमाल घेतला, आणि मराठी रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवल यांनीं तो रुमाल हाताळून झाल्यावर तसबीर उचलली. या तीन वस्तूंचा इतिहास पाहिला म्हणजे संसार नेमका कोठें तडकतो, याविषयीं नाटककारांना काय दिसलें तें ध्यानांत येतें.

प्रथम अंगठी. महाभारतांतील मूळ शकुंतलाख्यानांत अंगठीहि नाहीं आणि दुर्वासाचा शापहि नाहीं. तेथें दुष्यंताला सर्व आठवत असतें. लोक काय म्हणतील या भयानें तो आपल्या पत्नीला ओळख देत नाहीं. कालिदासानें नायकाला या दोषांतून सोडविण्यासाठीं शापाची योजना केली आणि स्मृतीची किल्ली म्हणून अंगठी कथेंत आणली. पांचव्या अंकांत शकुंतला भर दरबारांत उभी राहते. अंगठी दाखवूं जाते तों बोट रिकामें. शचीतीर्थाच्या पाण्यांत ती कोठें गळून पडली याचा तिला पत्ताहि नव्हता. मग ती बिचारी एक आठवण सांगते: आश्रमांतील हरिणाचें पाडस राजाच्या हातून पाणी पिईना, तें तिच्याच हातून प्यालें, आणि त्यावर राजा थट्टेनें काय बोलला होता. दोघांखेरीज तिसऱ्या कोणास ठाऊक नसलेली गोष्ट याहून अधिक खरी खूण ती कोणती? परंतु राजाला ती खूण वाटत नाहीं. स्त्रियांचें उपजत चातुर्य वाटतें.

पुढें तीच अंगठी एका धीवराला माशाच्या पोटांत सांपडते. राजाचे रक्षक त्याला चोर ठरवून मारझोड करतात, आणि अखेर अंगठी पाहतांच राजाला सर्व आठवतें. उरण-न्हाव्याच्या कोळीवाड्यांत ही गोष्ट सांगितली, तर कोळ्याचा मान वाढविणारी म्हणून ती आवडेल. पण तींत एक बोंचणारें सत्यहि आहे. पत्नीच्या शब्दाला दरबारांत जें वजन आलें नाहीं, तें माशाच्या पोटांतून निघालेल्या धातूच्या तुकड्याला आलें. कालिदासाच्या प्रेमळ लेखणीनें सातव्या अंकांत दोघांची पुन्हां भेट घडविली, म्हणून प्रेक्षक सुखानें घरीं जातो. परंतु पांचव्या अंकांतील तो रिकाम्या बोटाचा क्षण पुसला जात नाहीं.

आतां रुमाल. शेक्सपिअरचें ‘ऑथेल्लो’ नाटक १६०४ सालीं लंडनच्या राजवाड्यांत झाल्याची नोंद आहे. त्याची कथा इटालियन लेखक चिंथिओ याच्या १५६५ सालच्या कथासंग्रहांतून आलेली. चिंथिओची कथा साधी आणि क्रूर आहे. तींतील खलपुरुष आपल्या लहान मुलीला नायिकेच्या कडेवर देतो, आणि ती मुलीशीं खेळत असतांना तिच्या कमरेचा रुमाल स्वतःच लांबवितो. शेक्सपिअरनें येथें एक फरक केला, आणि त्या एका फरकानें नाटकाचा अर्थ खोल झाला. त्याच्या नाटकांत रुमाल उचलते ती खलपुरुषाची बायको एमिलिया. नवऱ्यानें तो वारंवार मागितला होता. कशाला हवा हें तिला ठाऊक नाहीं. नवऱ्याला बरें वाटावें म्हणून ती तो देऊन टाकते. अशा रीतीनें या नाटकांत एक सोडून दोन संसार उभे राहतात. एकांत पति पत्नीला विचारीत नाहीं, दुसऱ्यांत पत्नी पतीला विचारीत नाहीं; आणि दोन्ही एकाच रात्रीं नष्ट होतात.

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्यांतील कृष्णवर्णी, परदेशी सेनापति. उमरावाची मुलगी डेस्डिमोना त्याच्या पराक्रमाच्या कथा ऐकून त्याच्यावर अनुरक्त होते आणि बापाला न कळवितां विवाह करते. लग्नाची वार्ता फुटते त्याच रात्रीं त्याला तुर्कांविरुद्ध सायप्रस बेटावर जाण्याची आज्ञा होते. तुर्कांचें आरमार वादळांतच बुडतें. लढाई करावयास आलेल्या वीराला लढाईच उरत नाहीं, आणि बेटावर पाय ठेवल्यापासून जेमतेम दोन दिवसांच्या अवधींत तो आपल्या निष्पाप पत्नीचा गळा दाबून प्राण घेतो. इतकें सारें घडवून आणतो तो त्याचा हाताखालचा अधिकारी इआगो, ज्याला सगळे ‘प्रामाणिक’ म्हणतात.

हें नाटक मराठींत फार लौकर आलें. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं केलेलें त्याचें भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध झालें. शेक्सपिअरचें मराठींत आलेलें तें पहिलें नाटक होय. पुढें १८८३ सालीं आगरकरांनीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें. या दोहोंपेक्षां रंगभूमीवर अधिक गाजलें तें देवलांचें ‘झुंझारराव’. सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमींत वाढलेले; ज्या किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ संगीतांत उभें केलें, त्यांचे ते शिष्य. १८८६ सालीं त्यांनीं इंग्रजी ‘इझाबेला’वरून ‘दुर्गा’ हें करुण नाटक लिहिलें होतें. १८९० च्या ‘झुंझाररावां’त त्यांनीं कथानकाचा सांगाडा मूळचाच ठेविला आणि माणसें मराठी केलीं. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनेची कमळजा झाली, इआगोचा जाधवराव झाला. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनीं झुंझाररावाची भूमिका अशी गाजविली कीं, हॅम्लेटइतकेंच तेंहि नांव त्यांना चिकटून राहिलें.

हें नाटक ज्या काळांत आलें तो काळ ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें मोल कळणार नाहीं. दाम्पत्यांतील विश्वास हा विषय त्या दशकांत महाराष्ट्रांतील घराघरांत, वर्तमानपत्रांत आणि न्यायकचेरींत धगधगत होता. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, निष्ठेची कसोटी स्त्रीलाच कां लावावी, असा रोखठोक प्रश्न विचारला होता. १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं आपली पत्नी रखमाबाई नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद लाविली. अकराव्या वर्षीं झालेलें तें लग्न आपणांस मान्य नाहीं, असें रखमाबाईंचें म्हणणें. १८८५ त न्यायमूर्ति पिनी यांनीं निकाल त्यांच्या बाजूनें दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ च्या मार्च महिन्यांत, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढें रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. ‘झुंझारराव’ ज्या वर्षाचें, त्याच सुमारास संमतिवयाच्या बिलाचा वाद पेटला होता. १८९१ च्या कायद्यानें तें वय दहावरून बारा झालें.

अशा काळांत मराठी प्रेक्षक ‘झुंझारराव’ पाहावयास बसत होता. त्याच्या घरांतील बहुतेक लग्नें बालपणींच ठरलेलीं. पत्नीची इच्छा कोणी विचारलेली नाहीं, आणि पतीचीहि फारशी नाहीं. आणि समोर रंगमंचावर एक तरुणी स्वतःच्या मनानें वर निवडते, चारचौघांसमोर तसें सांगते, आणि त्याच निवडीमुळें मरते. येथें नाटकाचें सर्वांत विषारी वाक्य आठवावें. मूळ नाटकांत मुलीनें परस्पर लग्न केल्याचें कळतांच संतापलेला बाप जांवयाला बजावतो कीं, जिनें बापाला फसविलें ती तुलाहि फसवील. जांवई त्या वेळीं तें हंसण्यावारी नेतो. परंतु कोपऱ्यांत उभा असलेला खलपुरुष तें वाक्य उचलून जपून ठेवतो, आणि योग्य वेळीं हळूच परत करतो. जिनें प्रेमासाठीं घर सोडलें, तिचें तें घर सोडणेंच तिच्याविरुद्ध पुरावा ठरतें. ज्या धैर्यामुळें ती त्याला प्रिय झाली, तेंच धैर्य त्याला भिववूं लागतें. स्वतः निवड करणाऱ्या स्त्रीवर संशय घेणाऱ्या समाजाचें इतकें नेमकें चित्र त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याहि नाटकांत क्वचितच सांपडेल.

झुंझाररावाच्या शोकांतिकेचें कारण ‘मत्सर’ या एका शब्दांत सांगण्याची रीत आहे. तें पुरेसें नाहीं. मत्सर गंगाधराच्या शेजारीं उभ्या असलेल्या पार्वतीच्या मनांतहि आहे. शोध घ्यावयाचा तो या गोष्टीचा, कीं संशय आल्यावर पतीनें कोणाकडे विचारणा केली. मूळ नाटकांतील सेनापति पुरावा मागतो. आणि आपण पुरावा मागतों म्हणजे न्यायानें वागतों अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. त्याला मिळतें काय? एक, दुसरा कोणी झोपेंत काय बरळला याची ऐकीव हकीकत. दोन, रुमाल कोणाच्या हातांत दिसला याची ऐकीव हकीकत. तीन, दूर आडोशाला उभें राहून पाहिलेलें एका माणसाचें हंसणें, ज्यांतले शब्द त्याला नीट ऐकूंहि येत नाहींत. या तिन्ही गोष्टी एकाच माणसानें पुरविलेल्या. साक्षीदार तोच, वकील तोच, आणि न्यायाधीशाच्या कानाशीं बसलेला सल्लागारहि तोच.

ज्यांना विचारावयाचें त्यांना मात्र तो विचारीत नाहीं. ज्या तरुण अधिकाऱ्याचा संशय, त्याला एक शब्द विचारीत नाहीं. दासीला विचारतो, ती प्राण पणाला लावून मालकिणीच्या शीलाची ग्वाही देते, तेव्हां ‘ही तर दासीच, असेंच बोलणार’ म्हणून ती ग्वाही तो टाकून देतो. पत्नीकडे रुमाल मागतो, परंतु मनांतला आरोप सांगत नाहीं. आरोप सांगतो तो शेवटच्या रात्रीं, निकाल लागून गेल्यावर. शकुंतलेची आठवण जशी चातुर्य ठरली, तशीच कमळजेची ग्लानि कावा ठरते. निकाल आधींच झालेल्या कचेरींत आरोपीची प्रत्येक हालचाल पुरावाच होऊन बसते.

नायिकेच्या बाजूनेंहि एक गोष्ट घडते, आणि ती फार हृदयद्रावक आहे. पतीनें रुमाल उग्र स्वरांत मागतांच ती गोंधळते, आणि हरवला आहे हें कबूल न करतां हरवला नाहीं असें सांगते. आयुष्यांत जी खोटें बोलली नाहीं ती येथें भयानें खोटें बोलते. तिच्या प्रेमांत उणीव आलेली नाहीं. परंतु प्रेमांत भीति शिरली कीं सत्याला जागा उरत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, तिचा पतीवरचा विश्वास इतका अथांग आहे कीं, आपला पति मत्सरी असूं शकेल ही कल्पनाच तिच्या मनांत येत नाहीं. राज्यकारभाराच्या चिंतेनें तो त्रासला असेल, असें ती स्वतःला समजाविते. ज्या घरांत एकाचा संशय बोलत नाहीं आणि दुसऱ्याचा विश्वास विचारीत नाहीं, तेथें तिसऱ्या माणसाला रान मोकळें होतें. प्राण जातांना हें कोणी केलें असें विचारलें असतां ती आळ स्वतःवरच घेते. पतीचें नांव घेत नाहीं.

एका रुमालासाठीं इतकें रामायण कां, असा प्रश्न जुन्या टीकाकारांनाहि पडला होता. इंग्लंडांतील रायमर या टीकाकारानें १६९३ सालीं या नाटकाची यथेच्छ टवाळी केली. बायकांनीं आपलीं वस्त्रें नीट सांभाळावीं एवढाच याचा बोध, असें त्यानें म्हटलें. टवाळींत तथ्याचा अंश आहे, परंतु तो टीकाकाराच्या लक्षांत आला नाहीं. रुमाल क्षुद्र आहे हेंच तर खरें मर्म. विश्वास शाबूत असतां हरवलेला रुमाल ही परटाच्या हिशेबांतील बाब असते. विश्वास गेल्यावर तोच रुमाल जन्ममरणाचा दस्तऐवज होतो.

देवलांना हें मर्म पुरतें उमगलें होतें, याचा पुरावा त्यांच्या पुढील कृतींत मिळतो. ‘झुंझाररावा’नंतर तीनच वर्षांनीं, १८९३ सालीं, त्यांनीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक लिहिलें. तेंच पुढें पदांनीं नटून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालें आणि देवलांच्या निधनाच्याच वर्षीं, १९१६ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें; गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. या कथेचा प्रवासहि लांबचा आहे: फ्रान्समध्यें मोलिएरचें १६६० सालचें प्रहसन, त्यावरून इंग्लंडांत मर्फीनें १७६१ सालीं केलेलें नाटक, आणि त्यावरून देवलांचें. पात्रांचीं नांवें मात्र देवलांनीं पंचांगांतून उचललीं: अश्विन, फाल्गुन, कृत्तिका, रेवती, भादव्या. जणू संशयाचा फेरा बारा महिने सत्तावीस नक्षत्रें चालूच असतो.

रुमालाची जागा येथें तसबिरीनें घेतली आहे. रेवतीला रस्त्यांत घेरी येते. फाल्गुनराव तिला सांवरतात. हें त्यांची पत्नी कृत्तिका पाहते आणि पेटून उठते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हातीं लागते, आणि ती न्याहाळीत असतां फाल्गुनराव तिला पाहतात आणि तेहि पेटून उठतात. पहावें तर सगळें साहित्य शोकांतिकेचेंच आहे. हरवलेली वस्तु आहे, दुरून पाहिलेलें दृश्य आहे, इकडचें तिकडे सांगणारा नोकर आहे, अर्धवट ऐकलेलीं वाक्यें आहेत. फाल्गुनराव स्वभावानें झुंझाररावाहून कमी संशयी मुळींच नाहींत; उलट झुंझाररावाला संशय यावयास एका कपटी माणसाला रक्त आटवावें लागलें, फाल्गुनरावांना तो विनासायास येतो. मग एका नाटकांत प्रेक्षक डोळे पुसतो आणि दुसऱ्यांत पोट धरून हंसतो, असें कां?

याचें उत्तर कृत्तिकेच्या तोंडांत आहे. कमळजा संशय सोसते. कृत्तिका संशय घेते, आणि तोहि मोठ्यानें. नवऱ्याच्या प्रत्येक आरोपाला तिच्याजवळ तितकाच खणखणीत प्रत्यारोप तयार आहे. फाल्गुनराव न्यायाधीशाच्या आसनावर बसूं पाहतात, तों ती त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यांत ओढते. दोघेहि मूर्ख ठरतात, परंतु दोघेहि बरोबरीनें मूर्ख ठरतात. आणि या बरोबरींतच संसाराचें रक्षण आहे. सगळे एकमेकांसमोर येऊन बोलूं लागतात तेव्हां तसबिरीचा घोटाळा कांहीं क्षणांत उकलतो. झुंझाररावाचा रुमालहि असाच उकलतो. पण एमिलिया तोंड उघडते तेव्हां पलंगावर प्रेत पडलेलें असतें, आणि बोलल्याबद्दल तिचाहि बळी तिच्याच नवऱ्याच्या हातून पडतो. एका प्रहराचा उशीर, एवढाच काय तो फरक.

कृत्तिकेच्या बोलकेपणाचें मोल मराठी रंगभूमीनें तीनच वर्षांनीं पुन्हां विरुद्ध बाजूनें दाखविलें. १९१९ सालीं आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’ंत मद्यानें पतीचा नाश होतो आणि सिंधु शेवटपर्यंत पतिनिष्ठेचा शब्द सोडीत नाहीं. मरणाच्या दारांतहि ती पतीवर आळ येऊं देत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनीं सिंधूसाठीं अश्रु ढाळले, आणि ते अश्रु खरे होते. परंतु डेस्डिमोना, कमळजा आणि सिंधु यांना एका ओळींत उभें केलें म्हणजे एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. तिघींच्या सोसण्याला टाळी पडली. पण त्यांपैकीं एकीचाहि संसार त्या सोसण्यानें वांचला नाहीं. विश्वास आणि आज्ञाधारकपणा या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, हें एमिलियेला मरतांना कळलें.

पुढें १९६१ सालीं वि. वा. शिरवाडकरांनीं ‘ऑथेल्लो’ पुन्हां मराठींत आणलें. कोल्हटकरांपासून शिरवाडकरांपर्यंत सुमारें शंभर वर्षांत हें एकच नाटक मराठी लेखकांनीं पुनःपुन्हां हातीं कां घेतलें असेल? राजे, सेनापति, दूरचीं बेटें हें सर्व त्यांत आहे; परंतु तेवढ्यासाठीं नव्हे. त्यांतील घर ओळखीचें होतें. मुलीच्या निवडीवर रागावलेला बाप, बायकोचा शब्द हलका आणि मित्राचा शब्द जड मानणारा नवरा, नवऱ्याला बरें वाटावें म्हणून कारण न विचारतां वस्तु देणारी बायको, आणि सर्वांच्या विश्वासाचा तो एक ‘प्रामाणिक’ माणूस. हे सगळे सांगली, पुणें, मुंबई येथील कोणत्याहि वाड्यांत राहणारेच होते.

या तीन वस्तूंचा निवाडा एका वाक्यांत करतां येण्यासारखा आहे. अंगठी सांपडली म्हणून शकुंतला पत्नी ठरली नाहीं. ती आधींच पत्नी होती. रुमाल हरवला म्हणून कमळजा दोषी ठरली नाहीं. ती अखेरपर्यंत निर्दोषच होती. तसबिरीनेंहि कृत्तिकेविषयीं कांहींच सिद्ध झालें नाहीं. वस्तूंनीं साक्ष दिली ती एवढीच, कीं साक्ष वस्तूंकडे मागण्याची पाळी आली होती. दाम्पत्यांत संशय येणें हें माणसाच्या हातीं नाहीं. प्रेम जितकें उत्कट तितकी गमावण्याची भीतिहि तीव्र. तो संशय प्रथम कोणापाशीं बोलून दाखवावयाचा, हें मात्र सर्वस्वी माणसाच्या हातीं आहे. झुंझाररावानें तो जाधवरावापाशीं बोलून दाखविला. फाल्गुनरावांनीं तो ओरडून, हातपाय आपटून, चारचौघांत हंसें करून घेऊन कां होईना, कृत्तिकेपाशीं बोलून दाखविला. म्हणून त्यांच्या घरीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं चूल पेटली.